स्केटलँडची नऊ अक्षरं

आमच्या टॅमरॅक बेमध्ये कॉफी न पिणारा माणूस एकतर तान्हा असतो, नाहीतर मेलेला. चहा आम्ही फक्त पोट बिघडलेल्याला देतो, तोही इतका बेचव की तो बिचारा भीतीनंच बरा होतो. असं असताना गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, हायवेला लागून, गावाच्या अगदी तोंडावर लाल रंगाची टी, ई, ए अशी तीन अक्षरं दिसली. प्रत्येक अक्षर दहा वर्षांच्या पोराएवढं उंच. ई आणि ए यांच्यामध्ये पडलेल्या दातासारखी एक फट. चहा!

गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, व्हर्ना लाहतीचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, ते तर आधीपासूनच तसं होतं. मला खरं कारण ठाऊक होतं, कारण व्हर्नाच्या आणि माझ्या अंगणांच्या मध्ये फक्त एक कुंपण आहे, आणि त्या दिवशी मी कुंपणापाशी पानं गोळा करत होतो. आमच्या हिचं म्हणणं असं की कुंपणापाशी कुणी बोलत असलं की मला तिथे नेमकी पानं दिसतात, मग तो एप्रिल का असेना. असो.

व्हर्नाबद्दल आधी सांगतो. वय त्र्याहत्तर. एका बाजूचा खुबा ऑपरेशन करून नवा घातलेला. गळ्यात शिट्टी. ही शिट्टी चाळीस वर्षं तिच्या गळ्यात आहे. तिचा नवरा आर्व्हो गेला त्या दिवशी काळ्या पोशाखावरही ती होती. हायवेजवळची स्केटिंगची रिंक या दोघांनी स्वतःच्या हातांनी बांधली. मेपलच्या फळ्यांची जमीन आर्व्होनं गुडघ्यांवर बसून एकेक फळी ठोकत घातली. चाकांचे बूट घालून या गावातलं प्रत्येक पोर तिथे आपटलेलं आहे. व्हर्ना मधोमध उभी असायची. पडलेलं पोर ती उचलायची नाही. "पडता आलं ना? मग उठताही येईल," एवढंच म्हणायची. शिट्टी वाजायची ती एकाच गुन्ह्याला: उलट्या दिशेनं जाणाऱ्याला.

बाहेरची पाटीही आर्व्होनंच केलेली. 'स्केटलँड'. एस, के, ए, टी, ई, एल, ए, एन, डी. जाड पत्र्याची नऊ अक्षरं, आणि प्रत्येकाला मागे अडकवायचा आकडा. लेक सुपीरियरच्या अफाट तळ्यावरून वारा सुटला की तो पाट्या बिट्या बघत नाही, म्हणून आर्व्हो वादळाची बातमी ऐकली की शिडी लावून अक्षरं उतरवायचा आणि घरात नेऊन भिंतीला टेकवून ठेवायचा. व्हर्ना म्हणायची, "पाहुणे आले माझे."

आर्व्हो गेला. पुढच्याच हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं रिंकच्या छपराचा उत्तरेकडचा अर्धा भाग खाली आला. रात्रीची वेळ होती म्हणून खाली कुणी सापडलं नाही. रिंकला कुलूप लागलं, पण पाटी तशीच राहिली.

आणि मग त्या ऑक्टोबरच्या सकाळी ड्वेन आला. ड्वेन हा आमच्या गावच्या पंचायतीचा तपासनीस. कुणाचं कुंपण उंच झालं, कुणाच्या पायरीला कठडा नाही, हे बघायचं काम. कामाला चोख. इतका चोख की स्वतःच्या सासऱ्याची शेकोटी त्यानं विझवून घेतली होती.

"मिसेस लाहती, एक नोटीस आहे."

"ड्वेन, आधी पाय पूस."

"आपण अंगणात आहोत, मिसेस लाहती."

"पुसायची सवय असलेली बरी. बोल."

ड्वेननं पाय पुसले, गवतावर. मग सांगितलं. ज्या धंद्याला कुलूप लागलं, त्याची पाटी उतरवायची. हा नवा नियम. आणि एकदा उतरली की हायवेच्या कडेला इतकी उंच पाटी पुन्हा लावता येणार नाही, कारण तोही नवा नियम.

"पण मला रिंक पुन्हा उघडायची आहे," व्हर्ना म्हणाली.

"छप्पर पडलंय."

"अर्धं पडलंय. पाटी नसेल तर हायवेवरून जाणाऱ्याला कळणार कसं, इथे काय आहे ते?"

"इथे काही नाहीये, मिसेस लाहती. तीच तर अडचण आहे. पाटीवर जे लिहिलंय ते आत मिळत नाही. अशी पाटी म्हणजे बेवारस पाटी."

यावर व्हर्नानं डोळे बारीक केले. तिनं डोळे बारीक केले की मला घाम फुटतो. लहानपणी त्यानंतर शिट्टी यायची.

"आत मिळेल ते लिहिलं तर?"

"तर..." ड्वेन कागद चाळू लागला. "तर बेवारस नाही. तात्पुरता मजकूर म्हणून चालेल. पण एका मजकुराला एकच महिना. तोच शब्द पुन्हा नाही. बाहेरून नवी अक्षरं आणायची नाहीत, ती नवी पाटी धरली जाईल. आणि दर महिन्याला मी येऊन बघणार, ती गोष्ट खरंच मिळते की नाही. नियमात आहे, तपासणाऱ्यानं स्वतः घेऊन बघायची."

"असं किती दिवस?"

"वर्षभर पाटी जिवंत ठेवलीत, तर पुढे कुणी हात लावू शकत नाही." आणि माणूस वाईट नाही म्हणून खालच्या आवाजात पुढे म्हणाला, "पण नऊ अक्षरांत वर्ष कसं काढणार तुम्ही?"

ड्वेन परगावचा असता तर हे विचारलं असतं ते ठीक होतं. पण तो इथलाच. त्याला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे लग्नाआधी नवरीसाठी बायकांचा जो कार्यक्रम होतो, त्यात केक कापायच्या आधी एक खेळ असतो: नवरीचं नवं आडनाव कागदावर लिहून भिंतीला लावायचं आणि त्यातल्या अक्षरांतून जितके निघतील तितके छोटे शब्द काढायचे. बक्षीस म्हणून भांडी पुसायचा एक फडका. व्हर्नाच्या घरी अशा फडक्यांनी एक कपाट भरलेलं आहे. ती आली की बाकीच्या बायका पेन्सिली खाली ठेवून सरळ केककडे जातात. माझ्या हिच्या वेळी आमच्या आडनावातून तिनं इतके शब्द काढले की सासूबाई म्हणाल्या, "एवढं तर त्या घराण्यात काहीच नाही."

तर ड्वेनची गाडी वळणावरून जाते न जाते, तोच व्हर्ना शिडी ओढत निघालेली. मी पानं ओढायचा रेक टाकून धावलो.

"अगं, खुबा! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"शिडीवर चढू नकोस असं म्हणाले नव्हते. स्केटिंग करू नकोस म्हणाले होते. तू धर."

मी शिडी धरली. तिनं काहीच नवं लावलं नाही. फक्त सहा अक्षरं उतरवली. मधली टी, ई आणि दुसरा ए जागच्या जागी राहिले. चहा झाला.

"व्हर्ना, कॉफी लाव ना. चहाला कोण कुत्रं येणार आहे?"

"कॉफीचा सी नाही, ओ नाही, एफ तर मुळीच नाही. जे आहे त्यात भागवायचं. शिडी हलवू नकोस."

रिंकच्या पुढच्या बाजूला बूट भाड्यानं द्यायची खोली होती. तिचं छप्पर शाबूत होतं. तिथल्या काउंटरवर तिनं किटली ठेवली. महिन्याच्या शेवटी ड्वेन आला, कप हातात घेतला आणि नाक न दाबता सगळा चहा प्याला. सरकारी नोकरीत काय काय करावं लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"मिळतो," त्यानं लिहून घेतलं.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडायच्या आत पाटीवर सॉल्ट आलं. मीठ. बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर टाकायचं जाडं मीठ. गावात ते मिळायला दुकानदाराची मर्जी लागते. व्हर्नानं पोती आणून ठेवली आणि बादली घेऊन येणाऱ्याला बादली भरून दिलं. चहाला पाच माणसंही आली नव्हती, मिठाला रांग लागली. डिसेंबरात स्लेड, म्हणजे आर्व्होनं केलेल्या बर्फावरच्या घसरगाड्या. त्या घेऊन पोरं मागच्या टेकाडावर गेली. जानेवारीत लेंड, म्हणजे उसनं देणं. आर्व्होची हत्यारं उसनी मिळतील. यात एक गंमत झाली: न्यायला आलेल्या माणसांपेक्षा आर्व्होच्या हयातीत नेलेलं परत करायला आलेली माणसं जास्त निघाली. एकानं तर करवत आणली, तिचे दात इतके गेलेले की ती गालातल्या गालात हसतेय असं वाटत होतं.

तोवर सगळ्या गावाला या नऊ अक्षरांचं वेड लागलं होतं. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना लोक कागदावर अक्षरं जुळवायचे. कॅफेत कागदी रुमाल शिल्लक राहीना. जो तो कुंपणाशी येऊन नवा शब्द द्यायचा. आमच्या गल्लीतल्या पुरुषांनी एकमुखानं स्टेक सुचवला. अक्षरं बरोब्बर होती. व्हर्ना म्हणाली, "तव्यावर मांस भाजायचा परवाना माझ्याकडे नाही. आणि तुम्हाला पाटी वाचवायची नाहीये, फुकट जेवायचंय." कुणी लेक म्हणालं, तळं. "तळं आत नाही," ती म्हणाली, "छप्पर आणखी पडलं तर येईल." प्रत्येक शब्दाला ती तोच प्रश्न विचारायची: हे मला रोज सकाळी उठून देता येईल का? शब्द सापडणं तिला अवघड नव्हतंच. खाऊच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची नऊ अक्षरं तिनं कापून घेतली होती. जेवणाच्या टेबलावर ती बोटानं इकडची तिकडे सरकवत बसायची, आणि एखादा शब्द जुळला की त्याच्याकडे असं बघायची, जसं नव्या नोकराकडे बघतात. बोल, काय काम येतं तुला?

फेब्रुवारीत तिनं टॉक लावलं.

"बोलणं?" मी म्हणालो. "आत बोलणं मिळेल?"

"थंडीत लोक घरात एकेकटे बसून कुजतात. येतील, बसतील, बोलतील."

"व्हर्ना, तू या गावातली पुरुषमंडळी पाहिलीस ना? आपली माणसं लग्नात 'होय' म्हणतात आणि पुढचा शब्द बायकोच्या अंत्ययात्रेत."

"म्हणूनच."

आली. खरंच आली. बूट भाड्यानं द्यायच्या खोलीत शेगडीभोवती बाकांवर गावातले पुरुष येऊन बसले. आयनो पेल्टो, ज्यानं सगळा जन्म जंगलात झाडं तोडली आणि झाडांनाही कधी नावानं हाक मारली नाही, तोही आला. टोप्या मांडीवर. नजरा शेगडीत. कुणी खोकलं की सगळे त्याच्याकडे आशेनं बघायचे, पण तो नुसता खोकलाच असायचा.

आणि नेमका त्याच वेळी ड्वेन आला. दारात उभा राहिला. ऐकू लागला. शेगडीतलं लाकूड तडकलं, तेवढंच.

"मिसेस लाहती," तो हळूच म्हणाला, "आत बोलणं मिळत नाहीये."

"थांब जरा. सुरू होईल."

तो थांबला. आयनोनं टोपी उलटी केली. परत सुलटी केली. ड्वेननं खिशातून पेन काढलं. व्हर्नाचा हात शिट्टीकडे गेला. मला वाटलं, आता ही शिट्टी वाजवून यांना बोलायला लावणार. ते पेन कागदाला टेकलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

आता माझ्याबद्दल गावात लोक काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण देवानं मला तोंड दिलं ते याच दिवसासाठी, असं माझं मत आहे.

"आयनो," मी म्हणालो, "तुझ्या पुतण्यानं ट्रक बर्फात घातला तो कुणाला तरी चोरून भेटायला जाताना, हे खरं का?"

आयनोनं माझ्याकडे पाहिलं. मग पुतण्याची बाजू घ्यायला पहिल्यांदाच तोंड उघडलं. "नाही."

"बोलले," व्हर्ना ड्वेनला म्हणाली.

"एक शब्द आहे तो."

"मग घे की तू पण. घेऊन बघायचं असतं ना?"

ड्वेननं घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज केला आणि म्हणाला, "आज वारा फार आहे." कुणीतरी म्हणालं, "हो." ड्वेननं लिहून घेतलं: मिळतं.

पुढे रोज मी जाऊन बोलत होतो. पाटीला जिवंत ठेवायचं तर कुणीतरी बोलायलाच हवं होतं, आणि मी काही विषयांची कमतरता जाणवू दिली नाही. याचा परिणाम असा झाला की दोन दिवसांतच आयनो बाकावरून उठला. आतल्या रिंकचं दार ढकलून त्यानं पडलेलं छप्पर, तुटलेले वासे पाहिले, आणि काही न बोलता एक वासा उचलून बाजूला ठेवला. दुसरा उठला. तिसरा उठला. माझं बोलणं ऐकण्यापेक्षा वासे उचलणं बरं, असं सगळ्यांचं एकमत झालेलं दिसलं. आयनोनं आपल्या पडक्या गोठ्याच्या फळ्या आणल्या. आर्व्होची हत्यारं तर गेल्याच महिन्यात परत आलेली होती. रिंकच्या मधोमध, छप्पर जिथपर्यंत शाबूत होतं तिथे, आडवी भिंत उभी राहू लागली. मी मध्ये उभा राहून बोलतच होतो. ठोकाठोकीत माझा आवाज दबायचा, तेव्हा ते आणखी जोरानं ठोकायचे.

 व्हर्नाच्या किटलीत आता कॉफी असायची. पाटीवर नसलेली गोष्ट द्यायला नियमाची बंदी नव्हती.

मे महिन्यात मात्र गाडी अडली. पंचायतीची सभा होती. अध्यक्ष कॉरीन. ही बाई शहरातून येऊन तळ्याकाठी घर घेऊन राहिलेली, आणि तिच्या खिडकीतून तळं दिसायच्या आधी व्हर्नाची पाटी दिसते. बोलायला गोड. इतकी गोड की ऐकून झाल्यावर दात घासावेसे वाटतात.

"व्हर्ना, तुमचं फार कौतुक वाटतं," ती म्हणाली. "पण एक गोष्ट कुणी तुम्हाला सांगितली का? वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी पाटीवर जे असेल, तेच कायमचं. नंतर बदल नाही. म्हणजे तुमची मीठ नाहीतर घसरगाडी अशी काहीतरी पाटी हायवेवर कायमची राहणार. आणि ती वस्तू जन्मभर द्यावी लागणार."

व्हर्नानं ड्वेनकडे पाहिलं. ड्वेन बुटांकडे बघत होता. म्हणजे खरं होतं.

"मग त्या दिवशी नऊच्या नऊ अक्षरं असतील," व्हर्ना म्हणाली.

"अहो, पण मग त्या दिवशी आत स्केटिंग मिळायला हवं. पडक्या छपराखाली?" कॉरीननं मान तिरकी केली. "मी वाईटपणानं सांगत नाही हं. पण तुमच्या त्या अक्षरांत एक सोपा शब्द आहे, तुम्हाला कसा दिसला नाही? एस, ए, एल, ई. सेल. जागा विकून टाका. बोटी ठेवायला गोदाम हवंय, त्यासाठी लोक विचारतायत."

 काठीवर भार देत व्हर्ना उठली.

"तो शब्द मला पहिल्या दिवशीच दिसला होता, कॉरीन. तुम्ही त्याच्या नादाला लागू नका. तो मी वापरणार नाहीये."

आणि ती निघाली. दारापाशी थांबून ड्वेनला म्हणाली, "भिंत बघायला ये. तू मान्य केल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही मला."

ड्वेन भिंत बघायला आला तो एकदा नव्हे. आला की काहीतरी चूक काढायचा. हा टेकू जाड हवा. इथे दार हवं, आग लागली तर. हा खिळा बाहेर आलाय. आयनो त्याच्याकडे असा बघायचा की मी मधे जाऊन उभा राहायचो. पण व्हर्ना प्रत्येक वेळी म्हणायची, "बरोबर आहे त्याचं. काढा, परत करा." एकदा तर पूर्ण झालेला टेकू तिनं स्वतः सांगून उतरवला, ड्वेन काही म्हणायच्या आधीच. "आर्व्होनं हा असा ठेवला नसता," एवढं कारण.

तिकडे पाटीवरचे शब्द चालूच होते. जुलैत सीट, गावच्या मिरवणुकीला हायवेच्या कडेला बसायला खुर्च्या. सप्टेंबरात के, एन, ई, ए, डी: पीठ मळणं. आमच्याकडचा वेलदोड्याचा गोड पाव मळायला शिकवायची ती. भट्टीचा परवाना नव्हता, म्हणून पीठ मळून झालं की ज्यानं त्यानं गोळा घरी नेऊन भाजायचा. सबंध महिना गावाला वेलदोड्याचा वास येत होता. ड्वेन दोन तास मळत होता. त्याच्या पावाचा बाहेरून दगड झाला आणि आतून चिखल. त्यानं लिहिलं: मिळतं, पण कठीण आहे.

आणि ऑक्टोबर उजाडला. वर्ष पुरं व्हायचा दिवस. सकाळी शिडी धरायला मी गेलो तर आयनो आधीच धरून उभा, म्हणून मी दुसरी बाजू धरली. व्हर्नानं नऊच्या नऊ अक्षरं चढवली. एस पासून डी पर्यंत, मध्ये फट नाही. वरून उतरताना शेवटच्या पायरीवर तिनं ओठ दाबून धरले. खुबा दुखत असणार. आम्ही दोघांनीही ते पाहिलं नाही असं दाखवलं.

दुपारी ड्वेन आला, बरोबर कॉरीन. मागे अर्धं गाव. आयनोची भिंत उभी होती, गोठ्याच्या करड्या फळ्यांची, आणि तिच्या अलीकडे मेपलची अर्धी जमीन. व्हर्नानं ती घासून अशी चकचकीत केली होती की छपरातले दिवे खाली दिसत होते. ड्वेननं भिंतीला हात लावून पाहिला, टेकू मोजले, आगीच्या दारातून बाहेर जाऊन परत आला. "सुरक्षित आहे," म्हणाला. आयनोनं टोपी काढली आणि परत घातली. त्याच्या हिशेबात हा जल्लोष होता.

"जागा सुरक्षित आहे," कॉरीन म्हणाली. "पण स्केटिंग कुठे आहे?"

व्हर्ना बाकावर बसली आणि चाकांचे बूट पायात घालू लागली. पांढरे, टाचेला तडे गेलेले.

"व्हर्ना, नको," मी म्हणालो. या वेळी थट्टेत नाही.

"शिडी धरलीस ना सकाळी? आता काठी धर."

तिनं काठी माझ्या हातात दिली आणि उठली. एक पाय पुढे. मग दुसरा. वेग नव्हता. पण कंबर सरळ, हनुवटी वर, जशी ती आम्हा पोरांना शिकवायची. भिंतीपाशी वळताना एक पाय किंचित लटपटला. सगळ्यांच्या तोंडून एकदम "ए!" निघालं, पण ती पडली नाही. अर्ध्या रिंकची एक फेरी तिनं पुरी केली आणि काउंटरला येऊन टेकली. कपाळावर घाम.

"मिळतं," ती म्हणाली.

ड्वेन पेन हातात धरून उभा होता. लिहीत नव्हता.

"मिसेस लाहती... मालकानं स्वतः करणं म्हणजे मिळणं नव्हे. दुसऱ्या कुणाला तरी मिळायला हवं."

मी ताबडतोब बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्याकडे बघू नका, माझे गुडघे बघा.

 व्हर्ना काउंटरच्या मागे गेली, खालच्या फळीवरून तपकिरी बुटांचा एक जोड काढून ड्वेनसमोर ठेवला.

"अकरा नंबर. सातवीतच अकरा नंबर होता तुझा. तपासणाऱ्यानं स्वतः घेऊन बघायची असते ना?"

"नियमात तसंच आहे," कॉरीन कोरडेपणानं म्हणाली. तिला वाटलं असावं, हा नकार देईल.

ड्वेननं कागदांचं पाकीट तिच्याच हातात दिलं. बाकावर बसून त्यानं बूट घातले. नाड्या बांधायला त्याला खूप वेळ लागला. शाळेत असतानाही लागायचा. मग कठडा धरून उभा राहिला. कठडा सोडला. पाय दोन बाजूंना गेले, हात हवेत, आणि ड्वेन मेपलच्या जमिनीवर धप्पकन बसला. कुणी हसलं नाही. मी सोडून.

कॉरीन पुढे झाली. "मदत हवी का?"

"त्याला हात लावू नका," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखाच होता. "पडता आलंय ना? मग उठताही येईल."

ड्वेन गुडघ्यावर आला. मग एका पायावर. मग उभा राहिला. त्यानं कोट झटकला, आम्हा कुणाकडेही न पाहता एक पाय पुढे टाकला, आणि निघाला. चाकं मेपलवर वाजू लागली. तो आवाज दोन वर्षांनी त्या जागेत आला होता. आयनो पेल्टोनं मान खाली घातली आणि टोपीनं नाक पुसलं.

पण ड्वेन घाबरलेला होता. भिंतीपाशी गेल्यावर घाईत तो चुकीच्या बाजूला वळला आणि उलट्या दिशेनं येऊ लागला.

व्हर्नानं शिट्टी तोंडात धरली. ती एवढ्या जोरानं वाजली की छपराची धूळ खाली आली. ड्वेन जागच्या जागी थांबला, सातवीतल्या पोरासारखा लाल झाला, वळला आणि सुलट्या दिशेनं फेरी पुरी करून काउंटरपाशी आला.

"कागद द्या," तो कॉरीनला म्हणाला. धापा टाकतच त्यानं लिहिलं, सही केली, आणि पाकीट मिटून परत तिच्या हातात दिलं.

"झालं तर मग," कॉरीन म्हणाली. "बूट काढा, आपल्याला चार वाजता दुसरीकडे जायचंय."

ड्वेननं घड्याळ पाहिलं. मग व्हर्नाकडे.

"बंद किती वाजता होतं, मिसेस लाहती?"

"पाटी दिसेनाशी झाली की," व्हर्ना म्हणाली, आणि माझ्या हातातली काठी घेऊन रिंकच्या मधोमध आपल्या जागी जाऊन उभी राहिली.